फ्रेंचच्या सर्टिफिकेट कोर्सला जाताय? मग आधी हे वाचा

मी मूळची कोल्हापूरची, पुण्यात नोकरी करते, आणि ऑफिस सुटल्यावर संध्याकाळच्या बॅचला बसून विद्यापीठाचा फ्रेंचचा एक वर्षाचा सर्टिफिकेट कोर्स केला. पहिल्या दिवशी मला फ्रेंच म्हणजे बोंजूर आणि मेर्सी एवढंच येत होतं, तेही चुकीच्या उच्चारानं. त्यानंतर ओळखीतल्या सहासात जणांनी तेच तेच प्रश्न विचारले, कागदं कुठली लागतात, अवघड आहे का, कॅनडाला चालतं का, म्हणून म्हटलं एकदाच नीट लिहून काढावं. क्रमानं लिहिलंय, पण जिथं मी स्वतः आपटले तिथं जरा जास्त लिहिलंय.

१. आधी ठरवा, कशासाठी शिकताय

हे फॉर्म भरायच्या आधी ठरवा. विद्यापीठाचं सर्टिफिकेट आणि डेल्फ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आमच्या वर्गात अर्ध्या लोकांना हे डिसेंबरात कळलं. डेल्फ ही फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाची परीक्षा, तिच्या ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू अशा पायऱ्या, एकदा पास झालात की ते प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे तिथं कायम राहायच्या परवान्यासाठी, फ्रेंचचे पॉइंट हवे असतील तर त्याला विद्यापीठाचं सर्टिफिकेटही चालत नाही आणि डेल्फही चालत नाही, तिथं टेफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा ही फ्रेंचची वेगळी परीक्षा लागते आणि तिचा निकाल दोनच वर्षं धरतात. म्हणजे ज्यांना कॅनडाची घाई आहे त्यांनी विद्यापीठाच्या निवांत चालणाऱ्या कोर्सवर भिस्त ठेवू नये. पाया पक्का होतो, पण त्या परीक्षेची तयारी वेगळीच करावी लागते.

बाकी सगळ्यांसाठी, म्हणजे हौस, पुढं डिप्लोमा, फ्रान्सला शिकायला जायचा विचार, ऑफिसमध्ये फ्रेंच क्लायंट, यासाठी विद्यापीठाचा कोर्स मस्त आहे. खासगी क्लासपेक्षा फी बरीच कमी आणि व्याकरण घासून घेतात. पुण्यात फॉरेन लँग्वेज म्हटलं की लोक फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटकडे बोट दाखवतात, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग तिथं आहे. मुंबई विद्यापीठात फ्रेंच विभाग आहे, गोवा विद्यापीठातही फ्रेंच शिकवतात. क्रम साधारण असा असतो: आधी सर्टिफिकेट, मग डिप्लोमा, मग ॲडव्हान्स्ड डिप्लोमा.

२. कागदपत्रं

बहुतेक ठिकाणी बारावी पास एवढीच अट असते, वयाची अडचण नाही. आमच्या बाकावर एक रिटायर्ड बँकवाले काका होते आणि सगळ्यात सुबक वही त्यांची होती. हे सगळं स्कॅन करून आणि झेरॉक्स काढून तयार ठेवा:

- दहावी, बारावीची मार्कशीट, पदवी असेल तर तीही
- शाळा किंवा कॉलेज सोडल्याचा दाखला
- आधार कार्ड
- पासपोर्ट साइज फोटो, सांगतील त्यापेक्षा चार जास्तच
- दुसऱ्या बोर्डातून किंवा विद्यापीठातून आला असाल तर मायग्रेशन, आणि एलिजिबिलिटीचा फॉर्म
- शिक्षणात खंड पडला असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र
- सवलत घेणार असाल तर जातीचा दाखला वगैरे
- लग्नानंतर नाव बदललं असेल तर लग्नाचा दाखला किंवा गॅझेटची प्रत

शेवटच्या ओळीवर मी तीन फेऱ्या घातल्या. मार्कशीटवर माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं, आणि खिडकीतल्या माणसाचं म्हणणं की या दोन वेगळ्या बायका आहेत. फॉर्मवर नाव बारावीच्या मार्कशीटवर आहे तस्संच लिहा, स्पेलिंगसकट, आणि जोडीला दाखला लावा. आणि शेवटच्या तारखेला ऑनलाइन फॉर्म भरू नका, त्या दिवशी साइट हमखास झोपते. पेमेंट झाल्याची पावती तिथल्या तिथं पीडीएफ करून स्वतःला मेल करून ठेवा, ती परत कधी लागते ते शेवटी सांगते.

३. सामान

एक जाड वही आणि दोन रंगांची पेनं. निळं पुल्लिंगाला, लाल स्त्रीलिंगाला. पहिल्या दिवसापासून. हे पोरकट वाटतं, मलाही वाटलं होतं, आणि ऑगस्टमध्ये मी आधीची चाळीस पानं परत लिहून काढली.

फोनवर कीबोर्डमध्ये फ्रेंच भाषा ॲड करा, अक्षर दाबून धरलं की डोक्यावरच्या मात्रांसारख्या खुणांचे पर्याय येतात. कॉम्प्युटरवर विंडोजमध्ये यूएस इंटरनॅशनल कीबोर्ड लावून घ्या. या खुणा म्हणजे नक्षी नाही, त्या विसरल्या तर मार्क जातात, जसं आपण दिन आणि दीन यात गोंधळ केला तर बाई कान धरायच्या तसंच आहे ते.

डिक्शनरी कागदाची घ्यायची गरज नाही. नेटवर लारूस फुकट आहे. ऐकायला रेडिओ फ्रान्स इंटरनॅशनलचं सोप्या फ्रेंचमधलं बातमीपत्र, आणि टीव्ही-सँक-माँद (TV5Monde) या फ्रेंच वाहिनीच्या साइटवर ए-वनचे व्हिडिओ आणि स्वाध्याय, दोन्ही फुकट. बातमीपत्र पहिले चार महिने डोक्यावरून जाणार, जाऊ द्या, बसमध्ये कानात लावून ठेवायचं.

४. पहिला महिना: उच्चार, आणि देवनागरीची कुबडी

पहिला धक्का असा बसतो की लिहिलेल्यातलं निम्मं बोलायचंच नसतं. आपण रेनॉल्ट म्हणतो ती गाडी तिकडं रनो आहे, शेवटचे दोन्ही व्यंजनं गायब. पॅरिस म्हणजे पारी. शिक्षक एक युक्ती सांगतात, इंग्रजी केअरफुल या शब्दातली सी, आर, एफ, एल ही व्यंजनं शेवटी आली तर साधारण उच्चारायची, बाकीची गिळायची. त्यातही क्रियापदाच्या मूळ रूपाच्या शेवटचा ई-आर आला की आर परत गप्प. अपवाद आहेतच, पण सुरुवातीला तेवढ्यावर गाडी चालते.

आता गंमत. आपल्याला इंग्रजी शाळेत घालून घालून वाटतं की सगळं परदेशी ट आणि ड नं बोलायचं. फ्रेंचचे त आणि द हे आपलेच त आणि द आहेत, दातांना जीभ लावून. टेबलचा ट तिथं नाहीच. मराठी माणसानं इंग्रजीचा टेंभा न मिरवता बोललं तर उच्चार अर्धा आयता मिळतो. नाकातले स्वर अवघड जातात, पण माझ्या शेजारी मालवणची एक मुलगी बसायची, तिला ते पहिल्याच दिवशी जमले, कारण घरी मालवणी बोलताना ती नाकातूनच बोलते. आम्ही घाटावरचे मात्र आँ, आँ करत बसलो होतो. ओठांचा चंबू करून आतून ई म्हणायचं असतं तो स्वर आरशासमोर करा, घरचे हसतील.

आणि शब्द जोडून बोलणं. ले आणि आमी (म्हणजे मित्र) एकत्र आले की लेझामी होतं, मधेच झ कुठनं आला म्हणून लोक घाबरतात. अहो संधी आहे ती. दहावीला संस्कृत घेतलेल्यांनी घाबरायचं काय कारण? धातू चालवायची सवय पण असतेच, गच्छति गच्छतः गच्छन्ति च्या चालीवर ज स्वी, त्यू ए, इल ए (मी आहे, तू आहेस, तो आहे) म्हणत भांडी घासायची.

सापळा: शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहून ठेवायचा मोह सगळ्यांना होतो. पहिला महिना लिहा, रोमनमध्ये लिहिण्यापेक्षा बरंच. पण पहिल्या टेस्टनंतर बंद करा, कारण डोळा फक्त मराठी ओळ वाचायला लागतो आणि श्रुतलेखनाला बसलात की स्पेलिंग शून्य. फ्रेंचमध्ये याला दिक्ते म्हणतात, आपल्या तिसरीतलंच शुद्धलेखन, तसंच लाल शाईनं रंगून परत मिळतं.

५. इंग्रजीतून विचार करणं सोडा

मला या कोर्सबद्दल एकच गोष्ट सांगा म्हटलं तर ही सांगेन. वर्गात शिकवणं आधी इंग्रजीतून असतं, पुस्तकातल्या सूचना इंग्रजीतून किंवा फ्रेंचमधून, त्यामुळं आपण आपोआप मराठीचं इंग्रजी आणि इंग्रजीचं फ्रेंच करतो. आणि निम्म्या चुका त्या मधल्या स्टेशनवर होतात.

भूक लागलीय हे सांगायचंय. इंग्रजीतून गेलात तर आय ॲम वरून ज स्वी म्हणून बसाल, चूक. फ्रेंचमध्ये जे फँ, शब्दशः माझ्याकडे भूक आहे. मराठीत भूक हे नामच आहे ना, मला भूक लागली, मला तहान लागली, मला भीती वाटते, मला थंडी वाजते. तिकडंही हे सगळं आव्वार क्रियापदानं, म्हणजे कडे असणं या अर्थानं सांगतात. वयसुद्धा तसंच, माझ्याकडे सव्वीस वर्षं आहेत.

मी इंजिनिअर आहे यात मराठीत एक वगैरे कोण घालतं? फ्रेंचमध्येही धंद्यापुढं ते येत नाही, ज स्वी अँजेन्यर, संपलं. इंग्रजीवाले मधे एक या अर्थाचा अँ घालतात आणि मार्क घालवतात.

वस्तूला लिंग असतं हे इंग्रजी माध्यमातल्या पोरांना पटतच नाही, खुर्ची बाई कशी? आपल्याला पटवून द्यावं लागत नाही, उलट आपल्याकडं तीन आहेत, तिकडं दोनच. फक्त आपलं लिंग त्यांना लावू नका. खुर्ची तिकडंही ती, पण घर ती, टेबल ती, पुस्तक तो. आणि सूर्य तो असला तरी चंद्र चक्क ती, आपला चांदोमामा तिकडं मावशी आहे. म्हणून शब्द एकटा पाठ करायचा नाही, पुल्लिंगाचा ल किंवा स्त्रीलिंगाचा ला लावूनच पाठ करायचा, जोडीनं.

काही शब्द तर नात्यातलेच आहेत, ओळखून बसलात तर पाठ करावे लागत नाहीत. दात म्हणजे दाँ, सात म्हणजे सेत, नऊ म्हणजे नफ, आणि तू म्हणजे जवळपास तूच.

आता मराठी जिथं उपयोगी नाही ते पण सांगते, नाहीतर म्हणाल अभिमानानं लिहिलंय. मी भात खाते यात आपण भातापुढं काही लावत नाही, तिकडं थोडासा भात या अर्थानं द्यू लागतं, आणि नाही म्हटलं की त्या द्यूचं नुसतं द होतं. हे दोन महिने कुणालाच जमलं नाही. नकार क्रियापदाच्या दोन्ही बाजूंनी पकडायचा, पुढं न आणि मागं पा. विशेषण बहुतेक वेळा नामाच्या मागं. तिथं घोकंपट्टीच.

आणि इंग्रजीसारखे दिसणारे फसवे शब्द. लिब्रेरी म्हणजे पुस्तकांचं दुकान, लायब्ररीला बिब्लियोतेक. पोट भरलं सांगायला एकजण फुल या शब्दाचं भाषांतर करून ज स्वी प्लँ म्हणाला, त्याचा बोलीतला अर्थ मी टुन्न झालोय असा होतो, आणि बाईनं स्वतःबद्दल म्हटलं तर गाभण जनावराची आठवण होते. सरळ जे बियाँ माँजे म्हणा, छान जेवले.

६. आकडे, म्हणजे विसाचा हिशोब

साठपर्यंत सगळं सरळ. सत्तर म्हणजे साठ-दहा, पंचाहत्तर म्हणजे साठ-पंधरा, ऐंशी म्हणजे चार-वीस, आणि नव्याण्णव म्हणजे चार-वीस-एकोणीस. वर्गात इथं सगळे कपाळाला हात लावतात. माझी आज्जी बाजारात विसावर मोजायची, तीन विसा, चार विसा, मला ते एकदम ओळखीचं वाटलं. आणि जे एकोणऐंशी म्हणजे ऐंशीला एक कमी असं लहानपणापासून म्हणत आलेत त्यांनी दुसऱ्याच्या आकड्यांना नावं ठेवू नयेत. बेल्जियम, स्वित्झर्लंडमध्ये सत्तर आणि नव्वदला सुटसुटीत शब्द आहेत, पण परीक्षेत पॅरिसचेच येतात असं धरून चला.

परीक्षेत ऐकून फोन नंबर लिहायला येतो. तिकडंही नंबर दहा आकडीच, आणि दोन-दोनच्या जोड्यांनी सांगतात. कानावर स्वासाँत (साठ) पडलं की घाईनं सहा आणि शून्य लिहू नका, मागून कँझ (पंधरा) येतंय का बघा. सराव म्हणून स्वतःचा मोबाईल नंबर पाच जोड्यांत रोज म्हणायचा, मग घरच्या सगळ्यांचे. मी रिक्षांच्या नंबरप्लेटा वाचत फिरायचे.

७. त्यू आणि वू

थोडक्यात: त्यू म्हणजे तू, वू म्हणजे तुम्ही, आणि अहो-जाहो करायची सवय असलेल्या माणसाला यात शिकण्यासारखं फार नाही. शिक्षकांना वूच. तिकडं आईलाही त्यू, वडिलांनाही त्यू. प्रश्न विचारताना आधी बोंजूर म्हणा, थेट कामाचं बोलणं उद्धट वाटतं.

८. दिवाळीनंतर वर्ग रिकामा होतो, तेव्हा टिका

जूनमध्ये आम्ही एका बाकावर तिघं बसायचो. दिवाळीच्या सुट्टीनंतर प्रत्येकाला एक बाक. ऑफिसची डेडलाइन, इंजिनिअरिंगच्या सबमिशन, लग्नसराई, सगळं तेव्हाच येतं, आणि नेमका तेव्हाच भूतकाळ सुरू होतो. दोन आठवडे बुडले की गाडी सुटली. सुट्टीत रोज वीस मिनिटं, बास.

आधी एक: अकरावी-बारावीला मार्कांसाठी फ्रेंच घेतलेली पोरं पहिल्या महिन्यात फडाफडा बोलतात आणि बाकीच्यांना न्यूनगंड येतो. घाबरू नका, त्यांचा साठा दिवाळीपर्यंत पुरतो, नंतर सगळे एकाच होडीत.

तर भूतकाळ. दोन सहायक क्रियापदं आहेत, आव्वार आणि एत्र (म्हणजे असणं, ज स्वी याचंच रूप). कुठल्या क्रियापदाला कुठलं लावायचं यासाठी इंग्रजीत एक डॉक्टर आणि त्यांची मिसेस असं लांबलचक नाव पाठ करायला देतात. मला ते कधीच आठवलं नाही. मी मराठीत ती घालून बघायचे. तिने खाल्लं, तिने लिहिलं, तिने पाहिलं, असा ने आला की आव्वार. ती गेली, ती आली, ती पडली, ती जन्मली, ती मेली, यात ने नाही, इथं एत्र. आणि एत्र लागलं की क्रियापद कर्त्याच्या लिंगाप्रमाणं बदलतं, गेला-गेली सारखंच! मला हे सुचलं त्या दिवशी मी बसस्टॉपवर एकटीच हसले होते.

पण ही युक्ती पूर्ण नाही, दोन ठिकाणी फसते. ती हसली, ती झोपली, ती धावली यात ने नसूनही तिकडं आव्वारच लागतं. आणि अंघोळ करणं, उठणं असली स्वतःवरची क्रियापदं असली की ने असो नसो, एत्र. एवढे अपवाद वेगळ्या पानावर लिहून ठेवा.

माझी स्वतःची चूक वेगळीच. मी गेले हे स्त्रीनं लिहिलं तर शेवटी एक जादा ई लागतो, तो ऐकू येत नाही, फक्त लिहायचा. आमच्याकडं कोल्हापुरात मुलीही मी आलो, मी गेलो म्हणतात, त्यामुळं डोक्यात पुल्लिंगच बसलेलं, आणि तो ई दर पेपरात राहायचा. बाईंनी एकदा वहीवर लिहिलं, तुम्ही मुलगा आहात का?

गृहपाठ ट्रान्सलेट ॲपमधून काढू नका. नैतिक वगैरे सोडा, पकडले जाता. दुसऱ्या महिन्यात ज्याला मी-तू चालवता येत नाही त्याच्या निबंधात पुढच्या वर्षाचं व्याकरण आलं की शिक्षकांना कळायला किती वेळ लागतो?

९. परीक्षा

बऱ्याच ठिकाणी ७५ टक्के हजेरी लागते, नोकरीवाल्यांनी हे पहिल्या दिवसापासून मोजा, शेवटी विनंती अर्ज लिहीत बसावं लागतं. पेपर लेखी, शिवाय ऐकणं आणि तोंडी. लेखीत मार्क मिळतात ते छोट्या गोष्टींवर: लिंग, वचन, डोक्यावरच्या खुणा.

तोंडीला बहुतेक वेळा स्वतःची ओळख, घर, दिनक्रम, आवडीनिवडी. सगळे ओळखीचं भाषण पाठ करून जातात आणि तिसऱ्या वाक्याला परीक्षक मधेच विचारतात, भाऊ काय करतो? की गाडी बंद. पाठ करू नका, प्रत्येक वाक्यावर कुणी तीन प्रश्न विचारले तर काय सांगाल ते मित्राबरोबर चहा पिताना बोलून बघा. कळलं नाही तर गप्प बसू नका, परत सांगा म्हणायचं वाक्य फ्रेंचमध्येच तयार ठेवा, रेपेते सिल वू प्ले, त्याचे मार्क जात नाहीत.

डेल्फ ए-वन द्यायची असेल तर सर्टिफिकेटच्या परीक्षेनंतर लगेच द्या, सगळं ताजं असतं. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकी २५ मार्क, एकूण १०० पैकी ५० ला पास, पण प्रत्येक भागात किमान ५ हवेतच. म्हणजे बोलण्यावर पाणी सोडून बाकीच्यात काढू असं चालत नाही.

१०. निकालानंतर

मार्कशीट आली म्हणजे प्रमाणपत्र आलं असं नाही, ते वेगळं येतं आणि काही ठिकाणी त्याचा वेगळा अर्ज असतो, ऑफिसात विचारून घ्या. घ्यायला जाताना ओळखपत्र न्या आणि ती पहिल्या दिवशी मेल करून ठेवलेली फीची पावती. माझ्याकडं ती होती. माझ्या पुढं रांगेत उभा असलेला मुलगा परत घरी गेला.